कॉईलवरचं ओलं फडकं

आमची अ‍ॅम्बेसेडर सकाळी अंबाजोगाईहून निघाली तर लातूर गाठायची. दुपारी निघाली तर बर्दापूरच्या पुढं कुठंतरी बंद पडायची. आधी दोन-तीन झटके, मग मिसिंग, मग आवाजच बंद. बोनेट उघडून अर्धा तास बाभळीखाली बसलं की काहीच झालं नाही अशी सुरू व्हायची. गेल्या मे महिन्यात असं चार वेळा झालं. त्या चार वेळांवरून आमच्याकडं जो वाद सुरू झाला तो सगळा पावसाळा पुरला. त्यात मी काय काय केलं आणि काय हाती लागलं ते लिहून ठेवतोय, कारण जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांची दुपार याच दुखण्यात जाते.

गाडी १९७८ ची, मार्क थ्री. इंजिन १४८९ सीसीचं, पेट्रोल. बाबांची मोंढ्यात आडत होती, तेव्हा घेतलेली. बाबा गेल्यावर ती अकरा वर्षं शेडमध्ये उभी होती. माझा धंदा मोटार रिवायंडिंगचा. पाणबुडी मोटारी, मोनोब्लॉक, पिठाच्या गिरणीच्या मोटारी. बावीस वर्षं तांब्याची तार गुंडाळतोय. त्यामुळं गाडीचं बाकी काही मला शिकवा, पण कॉईल म्हणजे काय ते मला सांगू नका, असा माझा पहिल्यापासून पवित्रा होता. पुढं त्यातला निम्मा मला सोडावा लागला.

मोंढ्याच्या मागं एक गॅरेज आहे. तिथं दोन म्हातारे बसतात. एक चाचा, सत्तरीच्या पुढचे. पोरवयात हैदराबादला एका उस्तादाकडं काम शिकून आलेले. दुसरे तात्या. ते एसटीच्या डेपोतून निवृत्त झालेत, पण हात त्यांचा पेट्रोल गाड्यांवरच जास्त बसलेला. आता दोघंही पाना धरत नाहीत, पोरं धरतात. पण गाडी आली की निदान मात्र दोघंच करतात, आणि दोघांचं कधी एक होत नाही.

माझं ऐकून चाचा म्हणाले, "कॉईल आहे बेटा. गरम झाली की करंट सोडती. ओलं फडकं ठेव तिच्यावर, पाच मिनिटात चालू होईल."

तात्या म्हणाले, "कॉईलीला काय धाड भरलीय? एसी पंप बघ. पेट्रोलची वाफ होऊलालीय पंपात. फडकं ठेवायचंच तर पंपावर ठेव."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, इथं एसी पंप म्हणजे इंजिनच्या कुशीला बसवलेला पेट्रोलचा पंप. कॉईल म्हणजे बॅटरीच्या बारा व्होल्टचे ठिणगीसाठी हजारो व्होल्ट करणारा डबा. आणि ती ठिणगी एकेका प्लगला वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला आमच्याकडं सगळे डेल्को म्हणतात. मीही तेच म्हणणार.

मी दोन्ही ऐकलं. पाचव्यांदा निघताना डिकीत पाण्याचा कॅन आणि दोन फडकी टाकली. बर्दापूरच्या अलीकडंच बंद पडली. डेल्कोच्या कॅपमधली मधली वायर उपसली, रबराच्या हातमोज्यात धरली आणि तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून करंगळीच्या नखाएवढं लांब ठेवून मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. चांगला करंट असेल तर टचटच निळी ठिणगी उडी मारते. इथं कधी लालसर, मरतुकडी उडायची, कधी तीही नाही. म्हणजे पेट्रोलचा प्रश्न नव्हता. तात्यांचं निदान तिथंच निकालात निघालं. ज्याची गाडी उन्हात बंद पडते त्यानं फडकं शोधण्याआधी ही एवढी ठिणगी बघावी. दोन मिनिटांचं काम आहे, पण गाडी गार होण्याच्या आत करायला हवं. अर्ध्या तासानं ठिणगी बघून काही कळत नाही.

मग कॉईलवर ओलं फडकं ठेवलं. पहिल्यांदा चर्र आवाज आला. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. चाचा बरोबर, असं मी मुलाला म्हणलोसुद्धा.

लातूरला एका दुकानातून नवी कॉईल घेतली. खोक्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं होतं, तेवढं बघितलं. चाचा म्हणाले होते पूर्ण सेट घे, म्हणजे कॉईल, तिचा करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट आणि त्यांच्याशेजारचा कंडेन्सर. मी म्हणलो पॉइंट आणि कंडेन्सर गेल्या वर्षीच घातलेत, उगं कशाला. नव्या कॉईलवर तीन आठवडे गाडी फिरवली. दुपारचं बंद पडणं तसंच राहिलं. वर पॉइंटची तोंडं जळून निळी पडली आणि कॉईल इतकी तापायला लागली की जवळ हात नेला तरी जाणवायची.

आता मी घरी बसून काम केलं. जे पहिल्या दिवशी करायला पाहिजे होतं ते. मल्टिमीटर घेतला आणि दोन्ही कॉईलींच्या छोट्या टर्मिनलांमधला रेझिस्टन्स मोजला. जुनी ३.१ ओहम. नवी १.५ ओहम.

हे नीट समजून घेण्यासारखं आहे. बारा व्होल्टच्या गाड्यांसाठी दोन जातीच्या कॉईली मिळतात. एक साधी, साधारण ३ ओहमची, ती सरळ चावीवरून येणाऱ्या वायरला जोडायची. दुसरी साधारण दीड ओहमची, तिच्या आधी एक वेगळा रेझिस्टन्स लावलेला असतो. सेल्फ मारताना बॅटरी दबते, त्या क्षणी तो रेझिस्टन्स बाजूला टाकून कॉईलला पूर्ण व्होल्टेज देता यावं, यासाठी ती रचना. आमच्या गाडीत असा बाहेरचा रेझिस्टन्स नाही. १२ भागिले ३ म्हणजे ४ अँपिअर, १२ भागिले १.५ म्हणजे ८ अँपिअर. पॉइंट त्या आठ अँपिअरांनीच जळाले. खोक्याच्या बाजूला अगदी बारीक अक्षरात 'बाहेरच्या रेझिस्टन्ससोबत वापरा' असं इंग्रजीत छापलेलं होतं, ते आम्ही कुणीच वाचलं नव्हतं. गॅरेजवर हे सांगितलं तर तात्या म्हणाले, "बारा व्होल्टची कॉईल ती बारा व्होल्टची. आम्ही कुणाची कुणाला लावल्यात." लावल्या असतील आणि चालल्याही असतील, पण पॉइंट किती बदलले याचा हिशेब कुणी ठेवला होता? मी त्यांना तिथंच दोन्ही मोजून दाखवल्या. तात्यांनी मीटर स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा मोजलं. काही बोलले नाहीत, पण गॅरेजवरच्या पोराला म्हणाले, खोकं जपून ठेव.

जुनी कॉईल परत बसवली. मूळ दुखणं जिथल्या तिथं.

इथं मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट कामाला आली. मोटार किती तापली हे आम्ही हात लावून ठरवत नाही. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो आणि तो ठरलेल्या हिशेबानं वाढतो. गार असताना एकदा मोजायचं, तापल्यावर लगेच एकदा मोजायचं, मधलं गणित २३४.५ या आकड्यानं करायचं. तांब्यासाठी हा आकडा सगळे वायंडर वापरतात. सकाळी ३४ अंश असताना कॉईल ३.१ दाखवत होती. भर दुपारी पाऊण तास गाडी पळवून, थांबवल्याबरोबर वायर सोडून मोजलं तर ३.८. २३४.५ अधिक ३४, म्हणजे २६८.५. त्याला ३.८ भागिले ३.१ नं गुणलं आणि २३४.५ वजा केले. उत्तर आलं साधारण ९५ अंश. आतली तार ९५ अंशांवर होती.

९५ ऐकून चाचा खूश झाले. "बघ. म्हणलं होतं का नाही? उकळायला आलीय."

पण ९५ अंश तांब्याच्या तारेला काहीच नाही. आमच्या मोटारीतली साधी एनॅमल तार १२०-१३० सोसते. त्याच गरम अवस्थेत मी कॉईलच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या गुंडाळीचाही रेझिस्टन्स बघितला. तोही तेवढ्याच प्रमाणात वाढला होता, काटा कुठं लटपटत नव्हता, तार कुठं तुटत नव्हती. गुंडाळी आणि डबा यांच्यातलं इन्सुलेशनही पक्कं होतं. माझ्या दुकानात अशी मोटार आली असती तर मी ती बांधून परत दिली असती आणि सांगितलं असतं, मोटार चांगली आहे, दुसरीकडं बघा.

आणि हे वाक्य मनात आलं तेव्हाच डोक्यात लख्ख उजेड पडला. शेतकरी माझ्याकडं 'मोटार जळली' म्हणून सिंगल फेजची मोटार विहिरीतून वर काढून, ट्रॅक्टरवर टाकून आणतात. त्यातल्या कितीतरी वेळा मोटार शाबूत असते, स्टार्टरच्या पेटीतला कंडेन्सर गेलेला असतो. शे-दोनशेच्या वस्तूसाठी माणूस दोनशे फूट पाइप उपसतो. मी स्वतः गेली बावीस वर्षं लोकांना सांगत आलोय की आधी कंडेन्सर बघा, मग मोटार उपसा. आणि स्वतःच्या गाडीत मात्र कॉईलच धरून बसलो होतो.

गाडीतला कंडेन्सर करंगळीच्या पेरापेक्षा थोडा मोठा, डेल्कोच्या आत पॉइंटशेजारी स्क्रूनं बसवलेला. पॉइंट मिटलेले असताना कॉईलच्या जाड गुंडाळीतून करंट वाहतो आणि लोखंडी गाभ्यात चुंबकत्व भरतं. पॉइंट उघडले की करंट एकदम तुटायला हवा. जितका एकदम तुटेल तितका बारीक गुंडाळीत जोराचा झटका बसतो, पंधरा-वीस हजार व्होल्टचा. पण उघडणाऱ्या पॉइंटच्या फटीत ठिणगी धरून राहिली तर करंट तुटतच नाही, रेंगाळतो. कंडेन्सर तो क्षणभर स्वतःकडं ओढून घेतो आणि पॉइंटला स्वच्छ उघडू देतो. त्या क्षणी जाड गुंडाळीवरही दोन-अडीचशे व्होल्ट उठतात आणि ते सगळे कंडेन्सरच्या अंगावर येतात. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर हे मिनिटाला सहा हजार वेळा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा होतं. तेही इंजिनला चिकटलेल्या डेल्कोच्या पोटात, जिथं वारा लागत नाही. कॉईल निदान बाहेर उघड्यावर तरी असते.

कंडेन्सर काढून मीटरवर लावला. ०.२ मायक्रोफॅरड, जसा हवा तसा. केस वाळवायच्या मशीननं तापवून पुन्हा लावला. तेवढाच. बहुतेक लोक इथं थांबतात आणि म्हणतात कंडेन्सर चांगला आहे. मीही जवळजवळ थांबलो होतो. पण मल्टिमीटर आतल्या नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, आणि या कंडेन्सरला गाडीत अडीचशे सोसायचे असतात. नऊ व्होल्टवर तो खोटं बोलू शकतो.

वार्निश वाळवायला माझ्याकडं पत्र्याची पेटी आहे, आत चार शंभरचे बल्ब. कंडेन्सर तारेनं पेटीत टांगला, शेजारी थर्मामीटर, आणि बाहेर इन्सुलेशन टेस्टर, म्हणजे करंट गळतो का ते दाखवणारा मीटर, २५० व्होल्टवर लावून ठेवला. ४० अंशांना काटा वर, मेगओहमच्या शेवटी. ५० ला तिथंच. ६० ला थोडा थरथरला. सत्तरी ओलांडल्यावर काटा वरून सरळ शून्यावर पडला. पेटीचं दार उघडलं, पंखा लावला, काही मिनिटांनी काटा परत वर चढला. पुन्हा दार लावलं, पुन्हा पडला. मी हे त्या रात्री पाच वेळा केलं. बायको दोनदा येऊन गेली, जेवण गार झालं म्हणून. मी तिलाही काटा दाखवला. ती म्हणाली, "मग हाच हाय की," आणि ताट तिथंच आणून दिलं.

नवा कंडेन्सर त्याच पेटीत टांगला. ८५ अंशांपर्यंत काटा हललासुद्धा नाही.

मला वाटलं वाद मिटला. चाचांकडं गेलो तर त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "मग फडकं कॉईलवर ठेवल्यावर गाडी का चालू होती?"

प्रश्न खरा होता आणि माझ्याकडं तोंडी उत्तर होतं, की फडक्यानं काही होत नव्हतं, त्या दहा-पंधरा मिनिटात बोनेट उघडं असतं आणि डेल्कोही गार होतो. पण तोंडी उत्तर चाचांना पटणारं नव्हतं, आणि पटूही नये. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, जुना कंडेन्सर मुद्दाम परत बसवला आणि चाचांना शेजारी बसवून लातूरच्या रस्त्याला लागलो. खिशात नवा कंडेन्सर, त्याला दोन चिमट्याच्या वायरी लावलेल्या.

बर्दापूर सोडलं आणि झटके सुरू झाले. बंद पडली. मी चाचांना म्हणलो, कॉईलला हात लावा. त्यांनी तळहात टेकवला आणि लगेच उचलला. "हात ठेवू देत नाही."

"फडकं नाही ठेवायचं."

"नको ठेवू."

पॉइंटच्या नटाखालून जुन्या कंडेन्सरची वायर सोडवली. नव्याचा एक चिमटा कॉईलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला, दुसरा बॉडीला. दोन मिनिटंही लागली नाहीत. सेल्फ मारला, पहिल्या फेऱ्यात गाडी सुरू. कॉईल तशीच तापलेली. चाचांनी पुन्हा हात लावून बघितली. इंजिन चालू होतं, तरी ते बराच वेळ बोनेटच्या आत वाकून होते. मग सरळ झाले आणि म्हणाले, "जुनी वायर परत जोड."

परत जोडली. बंद पडली. काढली, सुरू झाली. तीनदा करून घेतलं त्यांनी. रस्त्यावरचे लोक थांबून विचारायला लागले, धक्का द्यायचा का म्हणून.

परतीच्या वाटेवर चाचा जे बोलले ते मला या सगळ्यात सर्वात मोलाचं वाटतं. ते म्हणाले, "आम्ही सेट बदलायचो. कॉईल, पॉइंट, कंडेन्सर, तिन्ही एका टायमाला. उस्ताद म्हणायचे, गिऱ्हाईक दूरचं असतं, परत यायला नको. गाडी चालू व्हायची. कॉईल मोठी असती, महाग असती, ताप तिचाच हाताला लागतो. म्हणून आम्ही म्हणायचो कॉईल गेली होती." चाळीस वर्षं एका माणसाचं निदान दर वेळी बरोबर ठरलं, गाडी दर वेळी बरी झाली, आणि तरी नेमकं काय बिघडलं होतं हे तपासायची वेळ कधीच आली नाही. उष्णतेनं करंट मरतो हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मरणारी वस्तू तेवढी वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी चाचांनी गॅरेजच्या माळ्यावरून एक पत्र्याचा डबा उतरवायला लावला. बाद केलेल्या कॉईली. तांब्यासाठी भंगारात द्यायच्या म्हणून साठवलेल्या आणि राहून गेलेल्या. अकरा होत्या. मी त्या दुकानात नेल्या आणि एकेक बघितली, गार आणि पेटीत तापवून. अकरातल्या सात चांगल्या निघाल्या. तीनमध्ये बारीक गुंडाळीची तार तुटलेली. एकीचा रेझिस्टन्स गार असताना बरोबर आणि ८० अंशांना एकदम बेपत्ता व्हायचा. म्हणजे चाचा म्हणतात तशी कॉईलही असते. अकरात एक.

बिघडलेल्या चारही मी हॅक्सॉनं कापल्या. आत मधोमध लोखंडी पट्ट्यांचा गाभा, त्यावर केसापेक्षा बारीक तारेची हजारो वेढ्यांची गुंडाळी, थराथरात कागद, आणि तिच्या बाहेरून जाड तारेचे दोन-तीनशे वेढे. माझी आधी समजूत होती की जाड तार आत असेल. ती बाहेर असते, कारण जास्त ताप तिचा आणि तो डब्याच्या पत्र्यातून बाहेर जायला हवा. दोन जुन्या कॉईलींत डांबर भरलेलं होतं, दोनमध्ये तेल.

त्या तेलावरून तात्यांचा एक जुना दावा तपासता आला. ते म्हणतात कॉईल उभीच पाहिजे, आडवी बसवली की तेल सरकतं आणि तार उघडी पडून जळते. आमच्या गाडीत कुणीतरी ती आडवीच बसवलेली आहे, आणि तात्या दर वेळी ते दाखवून बोलायचे. तेल डब्यात जवळजवळ काठोकाठ असतं, तापून फुगायला थोडी जागा सोडलेली असते. तेवढ्यानं आडव्या कॉईलमधली गुंडाळी उघडी पडत नाही, आणि कारखान्यातूनच आडव्या कॉईली बसवून आलेल्या गाड्या भरपूर आहेत. पण कापलेल्या एका कॉईलमध्ये तेल अर्ध्यावर होतं. झाकणाच्या सीलमधून कधीकाळी गळून गेलेलं. आणि वरच्या उघड्या भागातला कागद काळा ठिक्कर पडला होता, तार तिथंच तुटली होती. तात्यांनी अशीच एखादी पाहिली असणार. मी तो काळा कागद त्यांना नेऊन दिला. तेल गळलं तर कॉईल मरते, मग ती उभी असो की आडवी, एवढ्यावर आमचं जमलं. आता ते सीलपाशी बोट फिरवून ओल बघतात.

हॅक्सॉचंही सांगतो. तात्या प्लगचा गॅप हॅक्सॉच्या पात्यानं लावतात. मी मायक्रोमीटरनं पातं मोजलं. ०.६४ मिलिमीटर. आमच्या इंजिनला ०.०२५ इंच सांगितलंय, म्हणजे तेवढाच. पॉइंटसाठी ते पाकिटात लग्नपत्रिकेचा एक तुकडा ठेवतात, तो ०.३७ निघाला, आणि हवा असतो ०.३५ ते ०.४०. तो कुठल्या लग्नाचा हे त्यांनाही आता आठवत नाही.

बाबांचा नियम होता, गाडी बंद असताना चावी चालू ठेवायची नाही. आम्ही पोरं गाणी ऐकायला ठेवायचो आणि मार खायचो. तोही नियम अगदी खरा आहे. गाडी अशी थांबली की पॉइंट मिटलेले राहिले, तर चार अँपिअर अखंड वाहत राहतात. १२ गुणिले ४ म्हणजे ४८ वॅट एवढ्याशा डब्यात. चालू इंजिनमध्ये पॉइंट सारखे उघडतात म्हणून तेवढा ताप होत नाही.

आता ज्या एका मुद्द्यावर मी चाचांशी सर्वात जास्त भांडलो आणि साफ हरलो तो. चाचा म्हणाले तुझ्या कॉईलच्या दोन वायरी उलट्या आहेत. मी म्हणलो गुंडाळीला कसलं आलंय उलटं-सुलटं, ठिणगी ती ठिणगी. वायंडर म्हणून मला याची खात्री होती. चाचांनी पोराला पेन्सिल आणायला लावली. प्लगची वायर उपसून प्लगच्या डोक्यापासून थोडी दूर धरली, आणि मधल्या फटीत शिशाचं टोक धरलं. ठिणगी पेन्सिलीच्या टोकातून जाताना एका बाजूला तिला नारिंगी झुलूप फुटतं. "हे प्लगाकडं पाहिजे. तुझं वायरीकडं आहे." मी स्वतःच्या हातानं कॉईलच्या दोन वायरी आलटून-पालटून लावल्या. झुलूप बाजू बदलून प्लगाकडं गेलं. परत उलट्या केल्या, परत वायरीकडं.

कारण नंतर मी शोधून काढलं. प्लगचा मधला दांडा तापून लाल होतो, बाहेरचा त्यामानानं गार असतो. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात. म्हणून मधला दांडा ऋण असला तर ठिणगी कमी व्होल्टेजवर उडते, धन असला तर जास्त लागतं. कॉईल चांगली असेल तर तेवढं जास्त देऊन टाकते आणि कुणाला कळत नाही. आमची जुनी कॉईल बाबांनी कधीतरी जुन्या बाजारातून आणलेली. तिच्यावर प्लस-मायनस नाही, एसडब्ल्यू आणि सीबी अशी अक्षरं आहेत, एक चावीकडची, एक पॉइंटकडची. पूर्वीच्या विलायती गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं असायचं, त्या काळची ही अक्षरं. आमच्या गाडीत मायनस बॉडीला आहे. त्यामुळं अक्षरं बघून जोडली की नेमकं उलटं होतं. अक्षरं बरोबर वाचून चुकीचं जोडलेलं कितीतरी वर्षं तसंच चाललं होतं.

वायरी बदलल्यापासून सकाळी गाडी लवकर पकडते असं मला वाटतं. तात्या म्हणतात तो नव्या पॉइंटचा परिणाम आहे, आणि पॉइंट खरंच त्याच आठवड्यात बदलले होते. चाचांनी सेट बदलून कॉईलला श्रेय दिलं तेच मी करत असेन तर? म्हणून ठरलंय की डिसेंबरात थंडी पडली की आठवडाभर वायरी उलट्या ठेवायच्या, आठवडाभर सुलट्या, आणि रोज पहाटे सहाला सेल्फचे फेरे मोजायचे. बाकी कशालाही हात लावायचा नाही. वहीवर तात्या लिहिणार आहेत. चाचा म्हणाले, पहाटे येईन, पण पेन्सिल माझीच वापरायची.